संथ गाडीचे स्वस्त तिकीट

टोकियो ते ओसाका हे रेल्वेचे अंतर ५५६ किलोमीटर आहे. शिंकान्सेन ही वेगवान गाडी ते अडीच तासांत तोडते आणि त्याचे चौदा हजार येनच्या आसपास घेते. तिच्या सोबतीने जुनी तोकाइदो लाईनही धावते. या लाईनवर प्रत्येक स्टेशनाला थांबणाऱ्या साध्या गाड्या आहेत. चार-पाच ठिकाणी गाडी बदलत गेले तर ओसाका गाठायला नऊ तास लागतात. पण वर्षातून तीनदा, शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की, जपानी रेल्वे एक तिकीट विक्रीला काढते आणि हे नऊ तास २,४१० येनमध्ये पार पडतात. ओसाकाला उतरायलाच हवे असेही नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीने टोकियो सोडले, तर मध्यरात्रीच्या आत होन्शू बेटाचे पश्चिम टोक, शिमोनोसेकी, गाठता येते. हे अंतर सुमारे अकराशे किलोमीटर भरते, म्हणजे आपल्या गोंदियाहून मुंबईपेक्षाही लांब. पैसे मात्र तेवढेच.

या तिकिटाचे नाव ‘सेइशुन ज्यूहाची किप्पू’, अर्थात तारुण्याचे अठराचे तिकीट. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही. सत्तरीचे आजोबाही ते घेतात आणि हौसेने घेतात. अट एकच आहे, ती गाडीची. साधी गाडी आणि थोडी स्टेशने गाळणारी जलद लोकल चालते. शिंकान्सेन चालत नाही, जादा भाड्याची एक्सप्रेस चालत नाही. संथ गाडीत बसायची तयारी असेल, तर होक्काइदोपासून क्यूशूपर्यंतचे जेआर (जपान रेल्वे) कंपन्यांचे रूळ तुमच्यासाठी खुले. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर जाणारी रेल्वेची फेरीबोटसुद्धा याच तिकिटावर मिळते.

बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यातल्या माणसाला संथ गाडीचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. इथल्या कितीतरी पिढ्या छोट्या लाईनवर (नॅरोगेजवर) वाढल्या. पण संथ गाडी ही देशभर फिरण्याची सनद होऊ शकते, आणि तसा विचार करून कोणी तिची किंमत ठरवतो, हे मात्र मला जगातल्या रेल्वेच्या इतिहासातले एक मोठे आश्चर्य वाटते.

जपानी तिकिटाचा जन्म अडचणीतून झाला. तिथली सरकारी रेल्वे १९६४ साली प्रथम तोट्यात गेली. शिंकान्सेन सुरू झाली तेही हेच वर्ष. पुढे तोटा फुगतच गेला आणि १ एप्रिल १९८७ रोजी तिचे विभाजन होऊन सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहू कंपनी निर्माण झाली, तेव्हा कर्जाचा आकडा ३७ लाख कोटी येनच्या घरात होता. या पडत्या काळातच, १ मार्च १९८२ रोजी, हे तिकीट पहिल्यांदा विकले गेले. किंमत होती ८,००० येन. हिशेब सरळ होता. जपानमधल्या साध्या गाड्यांचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे पास काढून शाळेत जाणारी मुले. सुट्टी लागली की ती घरी बसतात. गाडी मात्र धावतेच, डबे धावतात, चालक-गार्डचा पगार चालू राहतो. रिकामी खुर्ची वाहून नेण्याचा खर्च तिच्यावर माणूस बसल्याने फारसा वाढत नाही. मग ती खुर्ची मातीमोलाने दिली तरी जे हाती येते ते वरकडच. आरक्षण नाही, त्यामुळे आरक्षणाचा कारभारही नाही. अंतराचा हिशेब नाही, म्हणून देशभर एकच दर. ज्या घाईच्या माणसाला ओसाकाला कामावर पोचायचे आहे, तो नऊ तासांच्या प्रवासाच्या वाटेला जाणारच नाही. म्हणजे महागड्या गाडीचे उत्पन्नही बुडत नाही. संथपणाच इथे कुंपणाचे काम करतो. स्वस्त तिकीट कोणाला द्यायचे हे ठरवायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, वयाचा पुरावा लागत नाही. ज्याच्यापाशी वेळ आहे तो आपसूक निवडला जातो.

चाळीस वर्षांत किंमत फार वाढली नाही; पाच दिवसांचे तिकीट आज १२,०५० येनला मिळते, म्हणजे दिवसाला २,४१० येन. नियम मात्र २०२४ च्या हिवाळ्यात मोठे बदलले. त्याआधी एका तिकिटावर पाच शिक्के मारले जात, आणि ते पाच दिवस मोसमात केव्हाही, सुटे सुटे वापरता येत. पाच मित्रांनी मिळून एकाच दिवशी पाच शिक्के मारून घेतले तरी चालायचे. आता तीन किंवा पाच दिवस सलग प्रवास करावा लागतो, तिकीट एकट्यालाच वापरता येते, आणि तीन दिवसांसाठी १०,००० येन पडतात. त्या बदल्यात स्वयंचलित फाटकातून पार होण्याची सोय मिळाली. जुन्या प्रवाशांना हा बदल रुचला नाही, आणि मला त्यांचे पटते. सुटे दिवस हा या तिकिटाचा प्राण होता. शनिवारी जाऊन यायचे, पुढच्या आठवड्यात पुन्हा निघायचे, असा सावकाश मोसमभर पुरवून खाण्याचा तो मेवा होता.

तोकाइदोच्या वाटेवर या तिकिटाने जाणाऱ्याला काय दिसते? पहिला टप्पा आतामीपर्यंत. तिथे एका जेआर कंपनीची हद्द संपून दुसरीची सुरू होते, म्हणून बहुतेकांना गाडी बदलावी लागते. पुढे नुमाझू आणि फुजी या स्टेशनांदरम्यान हवा स्वच्छ असली तर उजव्या हाताला फुजी पर्वत बराच वेळ सोबत करतो. शिंकान्सेनमधून तो दिसतो आणि लगेच मागे पडतो. इथे त्याच्या पायथ्याच्या गावांतली माणसे चढताना-उतरताना दिसतात. शिझुओका प्रांत रेल्वेने ओलांडायला बराच वेळ लागतो, कारण तो पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरला आहे. मग हामामात्सु, हामाना सरोवर, तोयोहाशी, नागोया आणि ओगाकी. ओगाकीला गाडी बदलायला वेळ कमी आणि पुढच्या गाडीला डबे कमी. त्यामुळे दार उघडताच पिशव्या सावरत माणसे पुलावरून पळत सुटतात. या धावपळीला तिथे ‘ओगाकी डॅश’ असे नावच पडले आहे. पुढे सेकिगाहारा येते. इ. स. १६०० मध्ये जिथल्या एका लढाईने जपानचे पुढचे अडीच शतकांचे भवितव्य ठरवले, तेच हे गाव. शेवटी माइबारा. तिथे तिसरी कंपनी, आणि मग क्योटोवरून ओसाका.

एके काळी या मार्गावर या तिकिटाची लाडकी रात्रीची गाडीही होती. ‘मूनलाइट नागारा’ टोकियोहून रात्री अकराच्या सुमारास सुटायची आणि पहाटे सहाच्या आत ओगाकीला पोचायची. तिकिटाचा दिवस मध्यरात्री बदलतो. म्हणून जाणकार प्रवासी टोकियोहून ओदावारापर्यंतचे वेगळे साधे तिकीट काढत. बारा वाजून गेल्यावर गाडी पहिल्यांदा तिथे थांबायची, आणि पासावरचा नवा दिवस तिथून सुरू व्हायचा. रात्र प्रवासात गेली, हॉटेलचा खर्च वाचला, आणि पहाटे सहाला अख्खा दिवस हाती शिल्लक. ही गाडी २०२० च्या वसंतानंतर धावली नाही. पुढच्या वर्षाच्या आरंभी ती कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले.

दुसरे नुकसान अधिक खोल आहे. नवी शिंकान्सेन सुरू झाली की तिला समांतर असलेली जुनी लाईन पुष्कळदा जेआरकडून काढून स्थानिक सरकारांच्या भागीदारीतल्या लहान कंपनीला दिली जाते. तिथे हे तिकीट चालत नाही. १९९७ मध्ये नागानोची शिंकान्सेन आली तेव्हा योकोकावा ते कारुइझावा हा घाटातला तुकडा तर बंदच झाला, आणि त्यापुढची लाईन दुसऱ्या कंपनीकडे गेली. २०१५ मध्ये कानाझावापर्यंत आणि २०२४ मध्ये त्सुरुगापर्यंत नवे रूळ पोचले, आणि जपानी समुद्राच्या बाजूचा किनाराही या पासाच्या नकाशातून बराचसा पुसला गेला. वेग वाढतो तशी संथ प्रवाशाची वाट तुटते, हे तिथल्या वेळापत्रकात डोळ्यांनी पाहता येते.

वेळापत्रक हे या प्रवासाचे खरे हत्यार. जपानमध्ये दर महिन्याला जाडजूड रेल्वे वेळापत्रक छापले जाते आणि ते नुसते वाचण्याचा शौक असलेली माणसे तिथे आहेत. शुन्झो मियावाकी हे त्यांच्यातले अग्रणी. प्रकाशन संस्थेत संपादक म्हणून काम करता करता, सुट्टीच्या दिवसांत त्यांनी सरकारी रेल्वेची सुमारे वीस हजार किलोमीटरची प्रत्येक लाईन पालथी घातली आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिले. वेळापत्रकालाच साहित्याचा दर्जा मिळवून देणारा हा लेखक. तिकीट त्या पुस्तकानंतर चार वर्षांनी आले, पण ते घेणाऱ्यांच्या मनाची मशागत आधीच झाली होती.

रेल्वेच्या जाहिरातींनीही ही मशागत केली. मोसमागणिक निघणाऱ्या या तिकिटाच्या भित्तिचित्रांत कुठले तरी निर्जन, लहानसे स्टेशन असायचे. शिकोकू बेटावरचे शिमोनादा हे त्यांतले सर्वांत गाजलेले. एक फलाट, एक छप्पर, एक बाक आणि समोर समुद्र. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते एकाहून अधिक वेळा भित्तिचित्रावर झळकले. आजही ते चित्र पाहिलेली माणसे त्या फलाटावर बसायला दूरवरून येतात. रेल्वेने गाव विकले नाही, प्रवासाचा शेवट विकला नाही; मधले थांबणे विकले. ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

युरोपची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने ‘इंटररेल’ पास निघाला: एकवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, एकवीस देशांत, एक महिना. त्याआधीच, १९५९ मध्ये, युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठी ‘युरेल’ निघाला होता. आपल्याकडचे पर्यटक बहुधा याच दोन नावांपाशी थांबतात. पण हे पास वेगवान गाड्यांचे, आणि आज स्वस्तही राहिलेले नाहीत. संथ गाडीचे राज्य पाहायचे तर जर्मनीत जावे.

१९९५ मध्ये जर्मन रेल्वेने शनिवार-रविवारचे एक तिकीट काढले: पंधरा मार्क, पाच माणसे, दोन दिवस, देशातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या. गाड्या इतक्या भरल्या की पुढे किंमत दुपटीहून वर गेली, दोन दिवसांचा एक दिवस झाला, आणि २०१९ मध्ये ते तिकीट बंद पडले. मग २०२२ चा उन्हाळा आला. युक्रेनच्या युद्धामुळे इंधन भडकले होते. सरकारने जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांसाठी महिन्याला नऊ युरोचा पास काढला आणि असे पाच कोटींहून अधिक पास विकले गेले. त्यातूनच १ मे २०२३ पासून ‘डॉइचलांड-टिकेट’ सुरू झाले, महिन्याला ४९ युरो. जानेवारी २०२५ मध्ये ते ५८ युरो झाले, आणि २०२६ साठी ६३ युरो ठरले. देशभरातली प्रत्येक लोकल, प्रादेशिक गाडी, ट्राम, मेट्रो आणि शहर बस त्यात येते. लांब पल्ल्याची वेगवान आयसीई गाडी येत नाही. सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतसुद्धा ते चालते.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीय संख्येने पहिले आहेत, आणि त्यांत पुण्या-नागपूरकडची मराठी मुले भरपूर. त्यांच्यासाठी हा पास म्हणजे देश पाहण्याची किल्ली आहे. हांबुर्ग ते म्युनिक आयसीईने सहा तासांच्या आसपास. प्रादेशिक गाड्यांनी अकरा-बारा तास, आणि गाड्या बदलाव्या लागतात. पण त्या बदलण्यातच जागोजागी ठेवा आहे. हांबुर्गच्या दक्षिणेला युल्त्सेन हे स्टेशन लागते. फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर या ऑस्ट्रियन चित्रकाराने त्याचे रूप पालटले: वाकडेतिकडे रंगीत खांब, सोनेरी गोल, छपरावर झाडे. आयसीईने भरधाव निघून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि शेवटी एक नवल. न्यूर्नबर्ग ते म्युनिक या टप्प्यावर एक प्रादेशिक गाडी वेगवान मार्गावरून ताशी दोनशे किलोमीटरच्या जवळपास धावते. नियमाने ती ‘प्रादेशिक’ गाडी, म्हणून संथ गाडीच्या पासावर तिच्यात बसता येते. नियम बारकाईने वाचणाऱ्याला रेल्वे असे बक्षीस देते.

कोरियानेही २००७ मध्ये तरुणांसाठी सुट्टीत सात दिवसांचा पास काढला होता. केटीएक्स ही वेगवान गाडी त्यात नव्हती, बाकीच्या गाड्या होत्या, आणि जागा मिळाली नाही तर उभे राहायचे. कल्पना जपानचीच, मातीच तेवढी निराळी.

आपल्याकडे वळू. संथ गाडीने, मुद्दाम, देश पाहत जाण्याचे एक ठळक भारतीय उदाहरण १९०२ चे आहे आणि त्यात एका मराठी माणसाची सोबत आहे. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले मोहनदास गांधी महिनाभर कलकत्त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे राहिले. तिथून राजकोटला परतताना त्यांनी तिसऱ्या वर्गाने, वाटेत बनारस, आग्रा, जयपूर आणि पालनपूर इथे एकेक दिवस थांबत जायचे ठरवले. गोखल्यांना आधी हे फारसे रुचले नाही, पण हेतू कळल्यावर ते स्वतः निरोप द्यायला हावडा स्टेशनात आले आणि पुऱ्या व लाडूंनी भरलेला धातूचा डबा बरोबर दिला. गांधींनी प्रवासासाठी बारा आण्यांची कॅनव्हासची पिशवी घेतली. मेलगाडीपेक्षा त्यांनी साधी पॅसेंजर पसंत केली, कारण मेलला गर्दीही जास्त आणि भाडेही जास्त. धर्मशाळांत आणि पंड्यांकडे उतरत केलेल्या या सबंध प्रवासाला रेल्वेभाड्यासह एकतीस रुपयांहून जास्त खर्च आला नाही. तिसऱ्या वर्गातली घाण आणि हाल यांवर पुढे १९१७ मध्ये त्यांनी जे लिहिले, त्याचे अनुभव गोळा व्हायला सुरुवात या प्रवासात झाली. संथ गाडीने त्यांना देश दाखवला, आणि देशाची रेल्वे कशी आहे हेही दाखवले.

खुद्द बालाघाटकडेही संथपणाचा मोठा वारसा आहे. १९०३ पासून बंगाल नागपूर रेल्वेने गोंदियाहून उत्तरेकडे अडीच फुटी रूळ टप्प्याटप्प्याने टाकायला घेतले. गोंदिया, बालाघाट, नैनपूर, जबलपूर हा मुख्य कणा, सव्वादोनशे किलोमीटरच्या वर थोडा. नैनपूरहून एक फाटा मंडला फोर्टकडे, एक सिवनी-छिंदवाड्याकडे. छिंदवाड्याहून पुढे नागपूरच्या इतवारीपर्यंत. बालाघाटहून वारासिवनीवरून कटंगीला एक फाटा. नैनपूर तर आशियातले सर्वांत मोठे नॅरोगेज जंक्शन म्हणून ओळखले जाई. गोंदियाहून सुटलेल्या गाडीला जबलपूर गाठायला दिवस सरायचा. वाटेत चारेगाव, लामटा, समनापूरचे जंगल, आणि शेवटी ग्वारीघाटापाशी नर्मदा. मोह, तेंदूपत्ता आणि भाजीच्या टोपल्या, बाजाराला निघालेली गोंड कुटुंबे, कोर्टाच्या तारखेला जाणारे शेतकरी, परीक्षेला निघालेली मुले: या पट्ट्याचा सगळा व्यवहार या गाड्यांतून व्हायचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात गेला, पण छोटी लाईन तशीच धावत राहिली. सोयरीक, बाजार आणि दवाखाना तिने दोन्ही बाजूंना जोडून ठेवले. मराठी, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकाच बाकावर ऐकू येणारी ही गाडी होती.

२००५-०६ च्या सुमारास गोंदिया-बालाघाट ब्रॉडगेज झाले. जबलपूर-नैनपूरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. कान्हा आणि पेंच यांना जोडणाऱ्या वन्यजीवांच्या वाटेतून जाणाऱ्या तुकड्याचे काम वनखात्याच्या परवानगीसाठी बराच काळ अडले. ते झाल्यावर २०२१ मध्ये गोंदिया ते जबलपूर सलग मोठे रूळ झाले. छोट्या लाईनची इंजिने आणि डबे पाहायचे तर आता नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात जावे लागते. ते २००२ मध्ये सुरू झाले.

मग असा प्रश्न येतो, की संथ गाडीचा एवढा अनुभव असलेल्या देशात संथ गाडीचा देशव्यापी पास का नाही? आपल्याकडे मासिक पास आहे, पण तो दोन ठरलेल्या स्टेशनांमधला आणि जास्तीत जास्त दीडशे किलोमीटरचा. गोंदिया-बालाघाट रोज ये-जा करणाऱ्यांचा तो आधार आहे. त्याची किंमत साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांइतकी असते आणि तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट पडतो. २००९ मध्ये असंघटित कामगारांसाठी ‘इज्जत’ पास निघाला: महिना १,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्याला शंभर किलोमीटरपर्यंत पंचवीस रुपयांत महिनाभर प्रवास. इतक्या कमी पैशांत इतके अंतर देणारा पास जगात क्वचितच कुठे निघाला असेल. परदेशी पाहुणे आणि अनिवासी भारतीय यांच्यासाठी ‘इंडरेल पास’ होता, अर्ध्या दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंतचा, किंमत डॉलरमध्ये; २०१७ मध्ये तो बंद झाला. इथल्या माणसाला देश पाहता येईल असा पास मात्र यांतला एकही नाही.

कारण जपानच्या हिशेबातच सापडते. तिथे सुट्टीत खुर्ची रिकामी असते. आपल्याकडे सुट्टीतच गाडी तुडुंब भरते. उन्हाळी सुट्टी, लग्नसराई, दिवाळी, छठ या काळात साधारण डब्यात पाय ठेवायला जागा नसते. रिकामी खुर्चीच नाही, तर ती स्वस्तात विकणार कशी? शिवाय आपले मूळ भाडेच इतके कमी आहे की सवलतीला फारसा वाव राहत नाही. साध्या पॅसेंजरचे किमान भाडे दहा रुपये. करोनाकाळात या गाड्यांना एक्सप्रेसचा दर लावून ते तीस रुपये केले गेले होते, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा दहावर आणले. या परिसरातल्या रोजंदारीच्या माणसाला त्या वीस रुपयांचा फरक किती जाणवला, हे गोंदियाच्या तिकीट खिडकीवर उभे राहिलेल्यांना ठाऊक आहे.

तरीही मला वाटते, की फाट्यांवरच्या पॅसेंजर आणि मेमू गाड्यांसाठी, सण-लग्नांचे दिवस वगळून, भर पावसाळ्यात असा एक पास काढून पाहावा. कटंगी, मंडला, छिंदवाडा, नागभीड या बाजूंना दुपारच्या गाड्यांत जागा असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सातपुडा जसा दिसतो तसा वर्षात पुन्हा दिसत नाही.

तोवर आपल्या नियमांत दडलेले एक तिकीट आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. त्याचे नाव चक्राकार प्रवासाचे तिकीट. आपल्या रेल्वेभाड्याचा दर अंतराबरोबर उतरत जातो. शंभर किलोमीटरची पाच तिकिटे पाचशे किलोमीटरच्या एका तिकिटापेक्षा महाग पडतात. चक्राकार तिकिटात जिथून निघाला तिथेच परत यायचे असते. सगळ्या वर्तुळाचे अंतर मोजून त्याचे दोन समान एकेरी प्रवास धरतात आणि त्या लांब अंतराचा उतरता दर लावतात. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरून मुक्काम करता येतो. सर्व वर्गांसाठी ते मिळते. साध्या तिकिटावर एवढी मोकळीक नाही: पाचशे किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर एकदा, हजाराहून लांबच्या तिकिटावर दोनदा थांबता येते, दर वेळी दोन दिवस, आणि पहिला थांबा पाचशे किलोमीटर गेल्यावरच.

बालाघाटहून असे एक सुरेख वर्तुळ आखता येते, आणि सलग ब्रॉडगेजने ते २०२१ नंतरच शक्य झाले. बालाघाट-गोंदिया बेचाळीस किलोमीटरच्या आसपास, गोंदिया-नागपूर १३०, नागपूर-इटारसी तीनशेला थोडे कमी, इटारसी-जबलपूर २४५, आणि जबलपूरहून नैनपूरमार्गे बालाघाट १८७ च्या जवळपास: एकूण नऊशे किलोमीटर, सातपुड्याला वळसा घालून. पाच सुटी तिकिटे काढण्याऐवजी साडेचारशे-साडेचारशेच्या दोन प्रवासांचे भाडे पडेल. नागपूर सोडल्यावर काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागा, मग पांढुर्णा, आणि मुलताईला तापीचा उगम. बैतूलच्या पुढे मरामझिरी आणि धाराखोह यांच्यामधला घाट इतका चढाचा, की तिथे जड गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात. इटारसीहून पूर्वेकडे वळल्यावर पिपरियाला उतरले की पचमढी. तिथून नरसिंहपूर, जबलपूर, नर्मदा. आणि नैनपूरहून मंडला, कान्हा. गोंदिया, नागपूर, मुलताई, इटारसी, पिपरिया, नरसिंहपूर, जबलपूर आणि नैनपूर हे आठ थांबे घेतले की नियमातले आठही पुरे होतात.

हे वर्तुळ दक्षिण पूर्व मध्य, मध्य आणि पश्चिम मध्य अशा तीन क्षेत्रीय रेल्वेंतून जाते, त्यामुळे ते खिडकीवर सहजासहजी मिळत नाही. बालाघाट दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतो. तिथल्या विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयात किंवा मोठ्या आरक्षण केंद्रात, स्टेशनांचा क्रम, थांबे आणि वर्ग नीट लिहून अर्ज द्यावा लागतो. भाडे आणि मुदत ठरली की तिकीट हातात येते. रात्रीच्या गाडीचे आरक्षण हवे असल्यास ते त्यानंतर वेगळे करून घ्यायचे.